कंपोझरच्या रकान्यात कोण?

माझं काम काय ते सांगितलं की नातेवाईक म्हणतात, "म्हणजे गाणी ऐकायचे पैसे मिळतात की!" गाणी आम्ही ऐकतच नाही. पुण्यात रात्रपाळीला बसून परदेशी गाण्यांच्या माहितीचे रकाने तपासतो: गायक कोण, कंपोझर कोण. आयएसआरसी हा रेकॉर्डिंगचा नंबर, आयएसडब्ल्यूसी मूळ रचनेचा. एकच रचना शंभर जणांनी गायली तर रेकॉर्डिंगचे नंबर शंभर, रचनेचा मात्र एकच. नव्या पोरांना हे महिन्याभरात समजतं, काही मॅनेजरांना अजून समजायचंय.

जुलै 2023. अमेरिकी कंट्री गायक ल्यूक कोम्ब्सचं 'फास्ट कार' बिलबोर्डच्या कंट्री एअरप्ले यादीत, म्हणजे रेडिओवर वाजणाऱ्या कंट्री गाण्यांच्या यादीत, पहिलं आलं, सगळ्या गाण्यांच्या हॉट 100 यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत चढलं. गाणं असं चाललं की आमच्याकडे त्याच्या नकला येऊन पडतात: कराओके, नुसता पियानो, बाळांना झोपवायची आवृत्ती. त्या रात्री माझ्या क्यूमध्ये ओळीने 'फास्ट कार', आणि किती तरी ठिकाणी कंपोझर म्हणून ल्यूक कोम्ब्स.

गाणं अमेरिकी गायिका ट्रेसी चॅपमनचं. शब्द तिचे, चाल तिची. 1988 मध्ये तिच्याच आवाजात ते हॉट 100 मध्ये सहावं आलं होतं. कोम्ब्सने ते पुरुषाच्या तोंडी बसवायला बदललंही नाही. गाण्यातली दुकानात बिलं करणारी मुलगी हा दाढीवालाही मुलगी म्हणूनच गातो. एअरप्लेवर पहिलं आलेलं कंट्री गाणं एकटीने लिहिणारी चॅपमन ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. आणि अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते रचनाकार आणि प्रकाशकाला, गाणाऱ्याला छदामही नाही. म्हणजे रेडिओवरच्या त्या पहिल्या नंबराची कमाई तिची! नकलांमधला रचनेचा वाटाही तिचाच, फक्त रकान्यात नाव बरोबर हवं.

शेजारची नवी मुलगी म्हणाली, "पण दादा, गायलंय त्यानेच ना?" मी वैतागलो. मग आठवलं, आमच्या घरीही सगळी गाणी 'लताबाईंची'च. गीतकार, संगीतकार कोण हे आकाशवाणीवरची निवेदिका सांगायची म्हणून कानावर पडलं, एवढंच.

चार वाजता मी जुनी नोंद उघडली. पाळी सुरू झाल्यापासून चहापर्यंत पास झालेल्या 'फास्ट कार'पैकी सातांवर कंपोझर कोम्ब्स होता आणि पास करणाऱ्याच्या जागी माझा आयडी. आमच्या फॉर्मची खोड अशी की कंपोझर रिकामा सोडला तर तो गायकाचं नाव स्वतःच भरतो. यावर दोन वर्षांपूर्वी लांबलचक मेल मीच लिहिलेला. तरी टार्गेटच्या नादात हिरवं बटण दाबत गेलो. नाव भरलेलं दिसलं की डोळा पुढे सरकतो.

सातही परत उघडण्यासाठी तिकीट, म्हणजे सिस्टीममध्ये दुरुस्तीची विनंती, टाकलं. टीम लीड म्हणाला, "अरे, कोण बघतंय? चिल्लर आहे ती." चिल्लर होतीच. पण चिल्लर तिची होती.

नोव्हेंबरात चॅपमनला त्याच गाण्यासाठी सीएमए या कंट्री संगीताच्या संघटनेचा साँग ऑफ द इयर पुरस्कार मिळाला. 5 फेब्रुवारीला सकाळी पाळी संपवून कॅन्टीनमध्ये फोनवर ग्रॅमीची क्लिप पाहिली. गिटारवरची ती सुरुवात चॅपमन स्वतः वाजवत होती, शेजारी कोम्ब्स उभा, आणि तिचं प्रत्येक वाक्य आवाज न काढता ओठांवर धरत होता.

चहा घेऊन परत वर गेलो, तिकीट उघडलं. 'पेंडिंग'.