आमची वाटचाल : अळ्यांच्या ट्रेपासून इथवर

“सॉफ्टबिल म्हणजे चोच मऊ असते का हो?” नवीन गिऱ्हाइकाचा फोनवरचा पहिला प्रश्न हमखास हाच असतो. चोच मऊ नसते, खाणं मऊ असतं. दाणे फोडण्याऐवजी फळं, किडे, अळ्या यांवर जगणाऱ्या पक्ष्यांना शौकीन मंडळी सॉफ्टबिल म्हणतात. त्यातले आमच्या जिव्हाळ्याचे सगळे आफ्रिकेतले : तुराको, झळाळत्या निळ्या स्टार्लिंग, माऊसबर्ड, लहान चणीचे धनेश. मी आणि माझा धाकटा भाऊ या पक्ष्यांसाठी खाद्य आणि घरट्यांच्या पेट्या बनवतो. धंदा करायचा असं आम्ही कधीच ठरवलं नव्हतं. दरवेळी आधी काहीतरी चुकलं आणि त्या चुकीतून एकेक माल निघाला.

पहिली चूक सुपर्ब स्टार्लिंगची. पूर्व आफ्रिकेतला हा पक्षी : पाठ निळी-हिरवी, पोट विटकरी आणि मधे पांढरा पट्टा. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे जोडी जमवण्यातच बराच काळ गेला. अखेर अंडी झाली, पिल्लं निघाली. चौथ्या दिवशी सकाळी तिन्ही पिल्लं पिंजऱ्याच्या तळाशी मेलेली. आदल्या दिवशी अळ्यांचा डबा संपला होता आणि आम्ही म्हटलं, एक दिवस फळांवर निघेल. नाही निघत. एरवी फळं आवडीने खाणारे हे पक्षी पिल्लांना सुरुवातीला जवळजवळ फक्त जिवंत किडे भरवतात. किडे कमी पडले की आई-बापच पिल्लं बाहेर टाकतात.

त्यानंतर मीलवर्म घरीच वाढवायला घेतले. गव्हाचा कोंडा, वर गाजराच्या चकत्या, बस्स. अळीचा कोष, कोषातून काळा भुंगेरा, भुंगेऱ्याची अंडी, पुन्हा अळी. उबदार खोलीत हे चक्र तीन-चार महिन्यांत फिरतं. कोंड्याला ओल लागली की मात्र बुरशी धरते आणि अख्खा ट्रे फेकावा लागतो. आणखी एक गोष्ट उशिरा कळली. मीलवर्ममध्ये कॅल्शियम फार कमी आणि फॉस्फरस जास्त. नुसत्या त्याच अळ्यांवर वाढलेल्या पिल्लांचे पाय वाकतात. म्हणून अळ्यांना आधी एक-दोन दिवस कॅल्शियमयुक्त भरडा खाऊ घालायचा आणि देताना वरून कॅल्शियमची पूड लावायची. ट्रे गरजेपेक्षा जास्त झाले, ओळखीतले पक्षीवाले मागू लागले आणि भावाने वही घातली. तीच फर्मची सुरुवात.

दुसरी चूक जास्त महाग पडली. आमचा जुना स्टार्लिंग नर पोट फुगून मेला. पशुवैद्यांनी शवविच्छेदन केलं, तर यकृत लोहाने भरलेलं. मैना-स्टार्लिंगच्या कुळात आणि टूकनमध्ये हा आजार नेहमीचा आहे. त्यांचं शरीर खाण्यातलं लोह भराभर शोषतं आणि नको असलेलं बाहेर टाकू शकत नाही. आम्ही वर्षानुवर्षं भिजवलेलं कुत्र्याचं खाद्य देत होतो, त्यात लोह भरपूर, आणि वर कौतुकाने संत्र्याच्या फोडी. क जीवनसत्त्वाने लोह आणखी शोषलं जातं! त्या दिवसापासून कुत्र्याचं खाद्य आणि संत्री बंद. आमच्या सॉफ्टबिल खाद्यात किलोमागे लोह 100 मिलिग्रॅमच्या आत ठेवतो. फळांत पपई, सफरचंद, केळं. खाद्य महाग आहे अशी तक्रार येते, ती मान्य आहे.

लोहाने मारणाऱ्या या छंदात तांब्याने रंगलेला पक्षीही आहे, तो तुराको. त्याच्या पंखांतला लाल रंग ट्युरॅसिन नावाच्या रंगद्रव्याचा. त्यात तांबं असतं, हे आर्थर चर्च या रसायनशास्त्रज्ञाने 1869 मध्ये दाखवलं. हा रंग अल्कधर्मी पाण्यात विरघळतो. त्यामुळे तुराकोच्या आंघोळीच्या भांड्याला साबण लावाल तर नीट विसळा.

आमची पहिली जोडी अंगोलातल्या लाल तुऱ्याच्या जातीची. या पक्ष्यांत नर चिडला तर मादीला जीव जाईपर्यंत पळवतो, म्हणून दाट झुडपं आणि आडोसा हवाच. घरटं म्हणजे काटक्यांची विस्कटलेली चटई. आम्ही उथळ टोपली लटकवली, त्यात दोन अंडी आणि तीन आठवड्यांनी पिल्लं. महिनाभराची झाल्यावर ती टोपलीबाहेर आली, उडता मात्र येईना. पडली असं समजून मी तीनदा परत ठेवली, तीनदा ती बाहेर. तुराकोची पिल्लं उडायच्या आधीच घरटं सोडतात आणि फांद्यांवरून चढत फिरतात, हे तेव्हा माहीत नव्हतं. आता टोपलीसोबत आम्ही आडव्या फांद्यांचा चौकटसंच देतो.

धनेशाच्या पेटीची गंमत वेगळीच. एका गिऱ्हाइकाचा फोन आला, “तुमच्या पेटीत मादी गेली ती बारा दिवस दिसत नाही, मेली असणार. पैसे परत करा.” मी विचारलं, भोक बंद झालंय का? झालं होतं, फक्त एक फट उरलेली. मादी स्वतःला आत लिंपून घेते आणि नर फटीतून भरवतो. “पेटी उघडू नका, नर काय नेतो ते मोजा,” एवढंच सांगितलं. पैशांचा विषय पुन्हा निघाला नाही.

आमच्या धंद्याची खरी गरज बाहेरच्या एका निर्णयाने निर्माण झाली. युरोपीय संघाने बर्ड फ्लूमुळे 2005 मध्ये रानातून पकडलेल्या पक्ष्यांची आयात थांबवली आणि 2007 मध्ये ती कायमची बंद केली. त्याआधी मेलेल्या पक्ष्याच्या जागी नवा स्वस्तात मिळायचा, मग पैदास करायचे कष्ट कोण घेणार? बंदीनंतर आहेत त्याच पक्ष्यांची पिल्लं वाढवणं भाग पडलं. बंदी योग्यच होती, असं माझं मत. पकडताना आणि प्रवासात किती पक्षी मरत, हे जुने शौकीनही सहसा बोलत नाहीत.

आम्ही पक्षी विकत नाही. रक्ताची सरमिसळ राहावी म्हणून फक्त अदलाबदल करतो, तीही पायात बंद रिंग, म्हणजे जोड नसलेलं कडं, घातलेल्या पिल्लांची. रिंग पहिल्या काही दिवसांतच पायात जाते. चकचकीत दिसली तर स्टार्लिंगची आई तिला घाण समजून उचलते आणि पिल्लासकट बाहेर फेकते. त्यामुळे आमच्या रिंगांवर गडद चिकटपट्टीचा तुकडा असतो. तो कापायचं काम भावाचं, आणि या हंगामात त्याने सत्तावीस कापलेत.