२१५० फुटांची रेषा

मे महिन्यातली पहाट. एसटीनं कासला उतरलो तेव्हा सॅकमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या, भाकरी-पिठलं आणि एका जुन्या टोपोशीटची, म्हणजे डोंगर-दऱ्यांची उंची दाखवणाऱ्या नकाशाची, झेरॉक्स होती. एका इंचाला एक मैल या प्रमाणातली, भारतीय सर्वेक्षण विभागाची, कोयना धरण होण्याआधीची. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांनी ती मला दिली आणि म्हणाले, "नुसता बघू नकोस, चालून ये."

चालायच्या आदल्या रात्री मी एक काम केलं होतं. कोयनेचा शिवसागर जलाशय काठोकाठ भरला की पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे २१६३ फुटांवर पोचतं. माझ्या शीटवर दर पन्नास फुटांना समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, आहे. म्हणून २१५० ची रेषा शोधली आणि निळ्या पेन्सिलीनं ती गिरवत गेलो. प्रत्येक ओढ्यात ती आत शिरायची, प्रत्येक सोंडेला वळसा घालून बाहेर यायची. तासाभरात कागदावर शिवसागर तयार झाला. मग त्या निळ्या रेषेच्या आत काय काय आहे ते वाचायला लागलो. गावठाणांचे ठिपके, विहिरी, देवळाची खूण, नदीकाठची शेतं, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या तुटक रेषांच्या पायवाटा. बराच वेळ पेन्सील हातात तशीच राहिली.

कासच्या सड्यावरून, म्हणजे खडकाळ पठारावरून, खाली उतरणारी अशीच एक तुटक रेषा मी धरली. जांभ्यावरून चालताना वाट सहज सापडली, पण सडा संपल्यावर चुकलो. नकाशा मोबाइलमध्येही चढवला होता आणि त्यातल्या निळ्या ठिपक्यावर विसंबून एका घळीत उतरलो, तर पुढे सरळ कडाच. परत वर चढताना दम लागला. सावलीत बसल्यावर सरांचं बोलणं आठवलं: जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या मापावर काढलेले आणि मोबाइलचं जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर. दोन्ही जुळवून घेतले नाहीत तर आपल्या भागात ठिपका शंभर मीटरहून जास्त सरकतो. डोंगरात शंभर मीटर म्हणजे सोंड आणि घळ यांच्यातलं अंतर. मोबाइल खिशात टाकला, कागद उघडला आणि समोरच्या सोंडेची उतरण रेषांशी ताडून पाहिली. रेषा विरळ, म्हणजे उतार सोपा. वाट तिथंच होती. झिजून गुळगुळीत झालेले दगड, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या. माणसांच्या आणि बैलांच्या पायांनी झिजलेला दगड एकदा ओळखता यायला लागला की डोळे तोच शोधतात.

ही वाट काही आजची नाही. जावळीच्या खोऱ्यातून साताऱ्याकडे असंच चढून यावं लागे. १८१८ साली इंग्रज फौज वासोटा किल्ल्यावर गेली तीही घाट उतरून याच खोऱ्यात.

दुपारी बामणोलीजवळ पाण्याच्या काठाशी पोचलो. पाणी बरंच खाली गेलं होतं. काठावर तांबूस गाळाच्या पायऱ्या आणि त्यांत दगडी बांधांच्या ओळी दिसत होत्या. माझी तुटक रेषा त्या गाळातून सरळ खाली जात होती आणि पाण्यात शिरत होती.

एक आजोबा म्हशी घेऊन आले होते. कागद पसरलेला बघून जवळ बसले.

"कसला नकाशा हाय ह्यो?"

"जुना आहे, आजोबा. धरणाच्या आधीचा."

त्यांनी वाकून बघितलं. अक्षरं इंग्रजी, वाचता येत नव्हती. मी नदी दाखवली, मग तिचं वळण. त्यांचं बोट त्या वळणावर थांबलं आणि तिथून हळूहळू वर सरकलं.

"हितं आमची वाडी. म्या सात वर्साचा व्हतो पानी चढलं तवा. आन् हितं वाघजाईचं ठाणं. देवी वर आणली आमी. चिच मात्र ऱ्हायली खाली."

नकाशावर चिंच नव्हती, वाघजाईही नव्हती. देवळाची एक बारीक खूण होती, पण ती त्यांच्या बोटापासून दोन बोटं लांब. वाडीसुद्धा नुसते तीन ठिपके, नाव नसलेले. मी पेन्सील काढली आणि त्यांनी सांगितलं तसं लिहीत गेलो: ठाणं, चिंच, पाणवठा, खळं. भाऊकीतली निम्मी घरं ठाणे जिल्ह्यात गेली, काही सोलापूरकडे, तेही सांगितलं. कुणाचं घर कुठं होतं ते सांगताना ते एकदाही अडखळले नाहीत.

"आन् ही वाट कुठं जाती?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"पल्याड. मेट इंदवलीला. थितनं वासोट्याला. उन्हाळ्यात नदीला गुडघाभर पानी, बाया डोईवर पाटी घिऊन जायच्या."

पलीकडे आता अभयारण्य. परवानगी काढून लाँचनंच जायचं. मे महिन्यातही मधे मैलभर पाणी होतं.

म्हशी पाण्यात उतरल्या. जाताना आजोबा परत वळले. "त्यावर पाटलाची हीर लिवली का?"

लिहिली नव्हती. त्यांनी बसून जागा दाखवली: नदीच्या वळणाच्या वर, २१०० च्या रेषेपाशी. मी तिथं एक गोल काढला.