मोफतचे सात दिवस आणि परताव्याचे चौतीस

"या ई-मेलवर आमच्याकडे कोणतंही सबस्क्रिप्शन दिसत नाही."

हे वाक्य मला एका फोटो-अ‍ॅपच्या कंपनीकडून अकरा दिवसांत सहा वेळा आलं. पहिल्यांदा वाटलं माझंच काही चुकलं असेल. तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं. सहाव्यांदा इतका संताप आला की फोन पालथा घालून मी तिखट चाळायला बसले. माझ्या खात्यातून 2,499 रुपये गेलेले बँकेच्या मेसेजमध्ये स्पष्ट दिसत होते, आणि ज्यांनी ते घेतले तेच सांगत होते की आमच्याकडे तुमची नोंदच नाही.

मी कराडला घरून मसाले करून विकते. कांदा-लसूण मसाला, तिखट, मेतकूट, जवसाची आणि शेंगदाण्याची चटणी. मार्च ते मे हा आमचा हंगाम. ऑर्डरी जवळजवळ सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि तिथे बायका आधी फोटो बघतात, मग भाव विचारतात. माझ्या फोटोंत पाकिटामागे ओटा, गॅसचा सिलिंडर, भिंतीवरचं कॅलेंडर असं सगळं यायचं. म्हणून 2025 च्या एप्रिलमध्ये माझ्या भाच्याने फोनवर फोटो एडिट करायचं एक अ‍ॅप घालून दिलं. मागचं सगळं पुसून पांढरं करतं, सात दिवस मोफत. काम झकास केलं त्याने, ते नाकारत नाही. चाळीस फोटो दोन संध्याकाळींत झाले. सहाव्या दिवशी मी अ‍ॅप काढून टाकलं आणि विषय संपला असं समजले.

19 एप्रिलला पैसे गेले.

पाव किलोच्या पाकिटामागे माझ्या हातात चाळीसेक रुपये राहतात. म्हणजे 2,499 रुपये म्हणजे साठाच्या वर पाकिटं. मिरच्या वाळवायच्या, देठं काढायची, कांदा-खोबरं भाजायचं, डंकावर नंबर लावून दुपारभर ठसक्यात उभं राहायचं, हे सगळं साठ पाकिटांसाठी. "अडीच हजारच ना, सोडून दे," असं मला दोघातिघांनी सांगितलं. मी सोडणार नव्हते.

अ‍ॅप फोनमधून काढलं की सबस्क्रिप्शन बंद होत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मोफत सात दिवस सुरू करताना दोन रुपये कापून परत आले होते आणि यूपीआयचा पिन टाकला होता. तो पिन त्या दोन रुपयांपुरता नव्हता. त्याने ऑटोपेची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची, मंजुरी गेली होती, दरवर्षी 2,499 रुपयांपर्यंत. 'मोफत सुरू करा' हे हिरव्या बटणावर ठळक होतं, वर्षाची रक्कम खाली करड्या बारीक अक्षरांत. पिन टाकायच्या पडद्यावर कमाल रक्कम, किती दिवसांनी आणि कधीपर्यंत हे लिहिलेलं असतं. तो पडदा सावकाश वाचा. पंधरा हजारांपर्यंतच्या पुढच्या वजावटींना पुन्हा पिन विचारत नाहीत, त्यामुळे थांबायची जागा तीच.

पैसे कापायच्या किमान 24 तास आधी सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि ती मला आली होती. पण तिच्यात अ‍ॅपचं नाव नव्हतं. कुठल्याशा प्रायव्हेट लिमिटेडचं नाव होतं, जे मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला वाटलं कुणीतरी फसवायला बघतंय, म्हणून मी त्याला हातच लावला नाही. अनोळखी मेसेजला हात लावायचा नाही हेच तर आम्हाला सगळे शिकवतात. आता मी लिंक न दाबता थेट यूपीआय अ‍ॅप उघडून ऑटोपेच्या यादीत बघते. तिथे नाव, रक्कम, तारीख सगळं असतं आणि तिथूनच मंजुरी रद्द करता येते. माझी मंजुरी रद्द करायला एक मिनिटही लागलं नाही. पण त्याने पुढच्या वर्षीचे पैसे वाचतात. गेलेले परत येत नाहीत.

बँकेत जाऊन आले. तिथल्या मॅडमनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की तुम्ही स्वतः पिन टाकून परवानगी दिली आहे, त्यामुळे हा व्यवहार फसवणूक म्हणून नोंदवता येणार नाही, कंपनीकडेच मागा. शेजारच्या वहिनी 1930 ला फोन कर म्हणाल्या, पण तो सायबर फसवणुकीचा नंबर, माझा मामला तिथे बसत नव्हता.

मग कंपनीशी ते अकरा दिवस.

फोन नंबर कुठेच नाही. अ‍ॅपमध्ये चॅट होती, पण अ‍ॅप मी काढलेलं. पुन्हा घातलं तर लॉग-इन मागू लागलं, आणि कुठल्या नावाने केलं होतं हे मला आठवेना, कारण ते भाच्याने केलं होतं. त्याला फोन केला तर म्हणाला, "मावशी, माझ्या जीमेलनेच केलं असणार." त्या जीमेलने उघडलं तर आत कोरं खातं, सबस्क्रिप्शन नाही. माझ्या ई-मेलने उघडलं, तेही कोरं. मदतीच्या पत्त्यावर लिहिलं तर दुसऱ्या दिवशी इंग्रजीत उत्तर: तुमचा नोंदणी केलेला ई-मेल कळवा. माझा कळवला. दिसत नाही. भाच्याचा कळवला. दिसत नाही. बँकेच्या मेसेजचा फोटो पाठवला. धन्यवाद, आपला नोंदणी केलेला ई-मेल कळवा. प्रत्येक उत्तराखाली वेगळं नाव, आणि प्रत्येक जण पहिल्यापासून सुरू करणार. एकदा मी मराठीत लिहिलं, तेव्हा उत्तर आलं की आम्ही फक्त इंग्रजी आणि हिंदीत मदत करतो. 'मोफत सुरू करा' मात्र मराठीत होतं.

त्या दिवसांत हंगाम ऐन भरात होता. सकाळी मिरच्या गच्चीवर टाकायच्या, दुपारी पार्सलं, रात्री अकराला भाकरीचा तवा घासून झाला की ई-मेल बघायचा. ह्यांनी एकदा विचारलं, "अजून तेच चाललंय का?" मला त्यांचा राग आला नाही, पण उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

मध्येच एक सांगायचं राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. चौथ्या दिवशी वैतागून मी गूगलवर त्या अ‍ॅपच्या नावापुढे 'कस्टमर केअर नंबर' असं शोधलं. एक मोबाइल नंबर सापडला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला, अगदी मराठीत, आणि परतावा द्यायला स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप घाला म्हणाला. मी फोन ठेवला. अडकलेला माणूस अशा वेळी कुणाचंही ऐकतो हे त्या लोकांना चांगलं माहीत असतं. नंबर शोधून सापडला तरी कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर असेल तरच लावा.

गाठ सुटली ती दोन गोष्टींनी.

पहिली म्हणजे तक्रार निवारण अधिकारी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे अशा कंपनीने तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवावाच लागतो. त्याने 48 तासांत तक्रार मिळाल्याचं कळवायचं आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची. कंपनीच्या वेबसाइटवर अगदी तळाला, गोपनीयता धोरणाच्या पानाच्या शेवटी, तो पत्ता होता. 'मदत' या पानावर त्याचा उल्लेखही नाही. मी अकरा दिवस मदतीच्या दारावर उभी होते आणि खरं दार मागच्या बाजूला होतं.

दुसरी म्हणजे मी ई-मेलचा विषयच सोडला. लिहिलं की ई-मेल शोधू नका, पैसे शोधा. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. ऑटोपेच्या मंजुरीला वेगळा लांबलचक क्रमांक असतो, त्याला यूएमएन म्हणतात. तो ऑटोपेच्या तपशिलात सापडतो. हे दोन्ही क्रमांक, तारीख, रक्कम आणि बँकेच्या मेसेजमधलं ते प्रायव्हेट लिमिटेडचं नाव, एवढंच सहा ओळींत. रडगाणं नाही, हंगामाची गोष्ट नाही, साठ पाकिटांचा हिशेब नाही. ते सगळं मी आधीच्या पत्रांत लिहिलं होतं आणि ते कुणी वाचलं नव्हतं.

2 मेला पाठवलं. 4 मेला पोच आली. 7 मेला उत्तर आलं की आपलं सबस्क्रिप्शन सापडलं असून ते दुसऱ्या ई-मेलवर आहे. पुढे अर्धी अक्षरं झाकलेला पत्ता. तो भाच्याच्या कॉलेजने दिलेला ई-मेल होता, जो तो वर्षभरात उघडतही नव्हता. पावती तिथेच पडून होती.

मला राग या गोष्टीचा आहे, आणि आज लिहितानाही तो कमी झालेला नाही. व्यवहाराच्या क्रमांकावरून त्यांना खातं शोधता येत होतं. पहिल्या दिवसापासून येत होतं. मी बँकेच्या मेसेजचा फोटो आधीच पाठवला होता, त्यात तो बारा आकडी क्रमांक होता. कुणी तो बघितला नाही, किंवा बघायचा नाही असंच ठरलेलं असावं.

त्याच पत्रात खाली होतं की मोफत मुदत संपल्यावर परतावा देता येत नाही.

8 मेला सकाळी मी 1915 ला फोन लावला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ, मराठीतही बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी पंधरा मिनिटं शांतपणे ऐकलं. कुणीतरी आपल्या भाषेत "हं, पुढे सांगा" म्हणतंय याचं मला किती बरं वाटलं, ते लिहून कळणार नाही. तक्रारीचा क्रमांक मेसेजवर आला. हेल्पलाइन निकाल देत नाही. ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. म्हणून तिथे लिहिताना नेमकं लिहावं लागतं.

भाच्याने तेव्हा मला एक गोष्ट वाचून दाखवली आणि ती मी तक्रारीत घातली. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'विरुद्ध, म्हणजे गिऱ्हाइकाला गोंधळवून नको ते करायला लावणाऱ्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात असे तेरा प्रकार दिले आहेत. त्यातला एक 'सबस्क्रिप्शन ट्रॅप'. मोफत सेवा देताना पैशांचा तपशील किंवा आपोआप वजावटीची परवानगी द्यायला भाग पाडणं आणि बंद करायची वाट लपवणं हे दोन्ही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. माझ्याबाबत दोन्ही झालं होतं. मी तेच दोन मुद्दे लिहिले. आणि शेवटी लिहिलं की उत्तर आलं नाही तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ती पोकळ धमकी नव्हती. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. भाच्याने माझं खातंही उघडून ठेवलं होतं.

14 मेला कंपनीचा फोन आला. पहिल्यांदाच माणसाचा आवाज. "मॅडम, आम्ही अपवाद म्हणून पूर्ण रक्कम परत करतोय." मी म्हटलं, अपवाद म्हणून का असेना, लेखी पाठवा. पाठवलं. तुम्हीही लेखीच मागा, कारण त्या लेखी पत्राचा उपयोग पुढे झाला. सांगितलेले सात दिवस उलटून गेले तरी पैसे आले नाहीत, तेव्हा मी तेच पत्र पुन्हा तक्रार अधिकाऱ्याला जोडून पाठवलं. 23 मेला, वजावटीनंतर चौतिसाव्या दिवशी, 2,499 रुपये जमा झाले. मी तेव्हा डंकावर होते, नाकाला फडकं बांधलेलं. मेसेज वाचला आणि तिथेच पायरीवर बसले. आपण एकटीने हे तडीस नेलं याचा मला अभिमान वाटला, अजून वाटतो.

फोटोंचं विचाराल तर आता मी दुकानातून पंधरा रुपयांचा पांढरा कार्डशीट आणते, उत्तरेच्या खिडकीपाशी स्टुलावर ठेवते आणि मागे थोडा वाकवून भिंतीला टेकवते, म्हणजे कोपरा दिसत नाही. सकाळी नऊ ते अकरा उजेड मऊ असतो. उजेड-अंधार सारखा करायला स्नॅपसीड आहे, ते फुकट आहे आणि पिन मागत नाही. तिखटाचा रंग मात्र वाढवू नका, नंतर गिऱ्हाईक पाकीट उघडून विचारतं.

पैसे आले त्या रात्री मी ह्यांचा फोन घेतला आणि ऑटोपेची यादी उघडली. क्रिकेट बघायला घेतलेलं काहीतरी होतं, महिना 149 रुपये, चौदा महिने चालू. ह्यांना आठवतही नव्हतं. जेवणं व्हायच्या आत ते रद्द केलं.