झाडाला मिठी मार आणि तिथंच थांब

लेकीच्या बालवाडीची यादी हातात पडली तेव्हा मी ती दोनदा वाचली. त्यात पाटी, पुस्तक, रंगपेटी काहीच नव्हतं. सगळे कपडेच. लोकरीचे आतले कपडे, त्यावर फ्लीसचं जाकीट, त्यावर गळ्यापासून घोट्यापर्यंतचा एकसंध ओव्हरऑल. पावसासाठी रबरी पँट, तिचे पट्टे बुटाखालून अडकवायचे. हातमोज्यांचे दोन जोड, कारण एक ओला होणारच. आणि प्रत्येक वस्तूवर नाव.

नोव्हेंबर होता. स्वीडनमध्ये, स्टॉकहोमला येऊन आम्हाला जेमतेम दोन महिने झाले होते आणि दुपारी साडेतीनलाच अंधारून यायचं. मी बाईंना विचारलं, "पाऊस असला की मुलं आतच बसतात ना?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "पावसासाठीच तर ती पँट आहे," त्या म्हणाल्या.

मी पुण्यात वाढले. पहिल्या पावसात भिजायची मुभा असायची, पण तेवढंच. त्यानंतर चार महिने "आत ये, सर्दी होईल". तीच हाक माझ्याही गळ्यात तयार होती. पहिल्या हिवाळ्यात उणे सहा तापमानात तीन वर्षांच्या मुलीला बाहेर सोडून कामाला जाताना माझ्या पोटात खड्डा पडायचा. दुसऱ्या मुलांच्या लहान भावंडांना तर बाबागाडीत, पांघरुणात गुंडाळून, उघड्यावरच दुपारची झोप देतात. हे पाहून मी घरी येऊन नवऱ्याशी वाद घातला होता.

मग एके दिवशी बालवाडीतलं सुकवणीचं कपाट पाहिलं. आत गरम हवा फिरते, आणि वीस मुलांचे ओले ओव्हरऑल, मोजे, टोप्या ओळीनं टांगलेल्या असतात. ते कपाट पाहून माझी भीती बरीच ओसरली. खराब हवा नसते, खराब कपडे असतात, अशी इथं एक म्हण आहे. पण नुसत्या म्हणीनं मूल कोरडं राहत नाही. त्यामागे कुणीतरी हे कपाट बसवलेलं असतं, जादा मोजे ठेवलेले असतात, आणि चिखलानं भरलेलं मूल पाहून कुणीही कपाळाला आठ्या घालत नाही.

दर आठवड्याला मुलं पिवळी जाकिटं घालून, लांब दोरीला धरून जंगलात जातात. जंगल म्हणजे बालवाडीमागचा दहा मिनिटांवरचा झाडांचा पट्टा. एक मोठा खडक, एक उन्मळून पडलेलं स्प्रूसचं झाड, एक ओहोळ. मी पहिल्यांदा सोबत गेले तेव्हा वाटलं, इतका सुंदर देश, आणि ही मुलं दर वेळी त्याच खडकाकडे? कंटाळत नाहीत?

नाही कंटाळत. उलट जागा तीच असल्यामुळेच त्यांना फरक दिसतो. एप्रिलमध्ये बर्फ वितळला की खडकाच्या कडेला जांभळट-निळी फुलं येतात. ती तोडायची नाहीत हे चार वर्षांची मुलं एकमेकांना बजावतात. ओहोळात बेडकांची अंडी दिसतात, मग शेपटीची पिल्लं. जुलै-ऑगस्टमध्ये ब्लूबेरीनं तोंडं निळी होतात, सप्टेंबरात लाल, आंबट लिंगोन. जानेवारीत ताज्या बर्फावर हरणाच्या खुरांचे ठसे. पडलेल्या स्प्रूसची साल दोन वर्षांत कशी सुटत गेली, तिच्याखाली कोण राहायला आलं, हे माझी मुलगी एखाद्या शेजाऱ्याची खबर सांगावी तसं सांगते. जी जागा एकदाच पाहिली तिचा फोटो राहतो. जिथं पन्नास वेळा गेलो ती आपली होते.

हे सगळं आपोआप आलेलं नाही. फ्रिलुफ्ट्सफ्रेम्यांदेत ही इथली संस्था 1892 पासून लोकांना घराबाहेर काढण्याचं काम करते आहे. 1957 मध्ये त्यांच्यापैकी योस्ता फ्रूम यांनी मुलांसाठी 'स्कूग्समुल्ले' नावाचं एक पात्र तयार केलं. स्कूग म्हणजे जंगल, मुल्ल म्हणजे जंगलातली काळी, कुजकी, सुपीक माती. भूर्जाच्या सालीची टोपी घातलेला, शेपटीवाला हा मुल्ले झाडांत राहतो आणि कचरा दिसला की दुःखी होतो. मुलं "कोलिकॉक!" अशी आरोळी देऊन त्याला बोलावतात. आज आजोबा झालेली माणसंही लहानपणी मुल्लेला हाका मारल्याचं सांगतात.

आणि जंगलात जायला कुणाची परवानगी लागत नाही. जमीन खाजगी असली तरी कुणीही तिच्यातून चालावं, बेरी-अळंबी गोळा करावी, एखादी रात्र तंबू ठोकावा, असा हक्क इथं रूढ आहे आणि 1994 पासून राज्यघटनेतही त्याचा उल्लेख आहे. अट एवढीच, त्रास द्यायचा नाही आणि नासधूस करायची नाही. कुणाच्या घराच्या अंगणात जायचं नाही, जिवंत झाडाची फांदी मोडायची नाही. मुलं हे नियम बाराखडीआधी शिकतात.

धोके आहेतच. गोचिडी फार असतात, त्यांच्यामुळे मेंदूज्वर आणि बोरेलिया हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो. म्हणून मेंदूज्वराची लस घेतली आहे, आणि उन्हाळ्यात रोज अंघोळीच्या वेळी काखा, मान, गुडघ्यांची मागची बाजू तपासतो. अळंबी तर ओळखीचीच घ्यायची. शंका आली की तिथंच सोडायची. पण धोका आहे म्हणून जायचंच नाही, असं इथं कुणी म्हणत नाही. तो ओळखायला शिकवतात.

बहिणीला फोनवर हे सांगते तेव्हा ती म्हणते, "तुला तिथं चारला ऑफिस सुटतं." खरंय तिचं. पुण्यात मुलांना रस्ता ओलांडून मैदानापर्यंत पोचवणं हेच एक काम आहे, आणि एप्रिलच्या उन्हाचं उत्तर कुठल्याच कपड्यात नाही. तरीही मी तिच्या मागे लागले आहे. वर्षातून एकदा महाबळेश्वर नको, दर रविवारी घराजवळची टेकडी धर. फेब्रुवारीत पळस, मेमध्ये बहावा, पावसाळ्यानंतर सोनकी. काही शिकवू नकोस, खेळायला काठी दे आणि तू शांत बस. कपडे मळले तर मळू देत.

गेल्या डिसेंबरात आम्ही पुण्याला होतो. बाबा रोज सकाळी वेताळ टेकडीवर जातात, त्यांच्याबरोबर आम्हीही निघालो. मुलगी मुंग्या बघत मागे रेंगाळली, आम्ही बोलत बोलत खाणीच्या बाजूला वळलो. मागे पाहिलं तर ती नाही. हाका मारत मी धावले. पाच मिनिटं असतील, पण माझे पाय थरथरत होते.

पायवाट फुटते तिथून थोडं आत ती उभी होती, एका खरबरीत खोडाला दोन्ही हातांनी मिठी मारून. बालवाडीत हेच शिकवलंय: वाट चुकलीस तर एका झाडाला मिठी मार आणि तिथंच थांब. हलणाऱ्या मुलापेक्षा थांबलेलं मूल लवकर सापडतं.

"आई, मी हलले नाही," ती म्हणाली. गालावर सालीचे वळ उमटले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती बूट घालून दारात उभी. बाबांनी विचारलं, "आज पाषाणच्या बाजूनं उतरायचं का गं?"

"नको आजोबा. कालच्याच झाडाकडे."