शीट म्हणजे शीड नव्हे

डिंगी, म्हणजे शिडाच्या छोट्या होड्या, शिकवणारी प्रशिक्षक व्हायला निघाले आणि ऑक्टोबरात पहिल्याच चाचणीत नापास झाले, इथपर्यंत मागे लिहिलं होतं. पुढचा हिशेब आज देते, कारण पाच दिवसांचा डिंगी इन्स्ट्रक्टर कोर्स परवा संपला.

नापास कशी झाले ते सांगायचं लाजेनं राहून गेलं होतं. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या पद्धतीत कोर्सला बसवण्याआधी तुमचा स्वतःचा हात कसा आहे ते तपासतात. सुकाणू काढून त्रिकोणी फेरी पुरी करा, पाण्यात पडलेल्याला उचला, पालथी झालेली होडी सरळ करून निघा, होडी मागे चालवा, मुरिंग, म्हणजे होडी बांधायचा तरंगता बोया, पकडा. सुकाणूविना चालवायची मला सगळ्यात धास्ती होती आणि तेच झकास जमलं. सेंटरबोर्ड (होडीखालची उभी फळी) थोडा वर घ्यायचा. मग होडी वाऱ्याच्या अंगाला कलवली की नाळ, म्हणजे होडीचं तोंड, वाऱ्यापासून दूर जाते, दुसरीकडे कलली की वाऱ्यावर चढते. लहानपणी हात सोडून सायकल चालवलेल्यांना हे लवकर उमजतं.

अडकले मुरिंगवर. दुपारचा वायव्येचा वारा समुद्रावरून पणजीच्या खाडीत शिरत होता आणि ओहोटी बाहेर निघाली होती. वारा एकीकडून, पाणी दुसरीकडून. मी मेन शीड तसंच ठेवून, वारा पाठीवर घेऊन निघाले. जवळ आल्यावर शीट (शिडाची दोरी) सोडलं, आणखी सोडलं, पण बूम (शिडाखालचा आडवा दांडा) बाजूच्या तारेला टेकलेलं. शिडातला वारा जाणार कुठे? बोया हातातून निसटला आणि होडी दिमाखात पुढे निघून गेली. मेन आधीच उतरवून नुसत्या जिबवर, म्हणजे पुढच्या छोट्या शिडावर, यायचं असतं, मग जिब फडफडू दिला की पाणीच होडीला थांबवतं. बांधलेल्या होड्यांची तोंडं कुठे आहेत एवढं पाहिलं असतं तरी पाण्याचा जोर कुठून आहे ते कळलं असतं. सगळ्या नदीच्या वरच्या अंगाला तोंड करून उभ्या होत्या.

बेळगावच्या माणसाला भरती-ओहोटी पुस्तकातूनच शिकावी लागते. मार्कंडेय, घटप्रभा, मलप्रभा, आमच्याकडचं सगळं पाणी एकदा निघालं की निघालं, दुपारी परत येत नाही. पहाटे साडेचारला जांबोटी-कणकुंबी करत चोर्ला घाट उतरताना दर वेळी हेच मनात येतं. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला जाते, आणि तिथून फार लांब नसलेल्या भीमगडच्या रानातली म्हादई पश्चिमेला, म्हणजे पणजीची मांडवी. माझ्याच जिल्ह्यातल्या पाण्यानं मला नापास केलं, दुसरं काय! (त्या पाण्यावरून तीन राज्यं भांडतात, त्यात मी पडत नाही.)

डिसेंबरात पुन्हा चाचणी दिली, पास झाले. मधल्या काळात पॉवरबोट लेव्हल २, म्हणजे इंजिनाची बोट चालवायच्या कोर्सचे दोन दिवस. किल कॉर्ड (चालक पडला तर इंजिन बंद करणारी दोरी) मांडीला अडकवल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही, हे तिथे इतकं घोटून घेतात की परवा स्कूटरला किल्ली लावताना हात आपोआप मांडीकडे गेला. प्रथमोपचाराचं सर्टिफिकेटही झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरी तयारी झाली ती अनगोळच्या घरी, गच्चीवर. पाण्यात नेण्याआधी जमिनीवर टॅक (नाळ वाऱ्यातून फिरवून बाजू बदलणं) करून दाखवणं हा कोर्सचा मोठा भाग. जुना बाक म्हणजे होडी, खराट्याचा दांडा म्हणजे टिलर (सुकाणूची मूठ), वाळवणाच्या तारेवर शीड म्हणून एक चादर, तिच्या कोपऱ्याला सुंभ. विद्यार्थी म्हणजे भावाची दोन्ही पोरं. "टिलर शिडाकडे ढकल, बूम येतंय, वाक, पलीकडे बस, आता हात बदल, आणि शीट ओढ!" धाकट्यानं चादरच ओढून खाली आणली, चार चिमट्यांसकट.

"अरे, शीट म्हणजे दोरी!"

"आत्या, ती बेडशीट आहे की. तूच म्हणालीस शीट ओढ म्हणून."

चूक त्याची नव्हती. मराठीत शीड म्हणजे कापड आणि आपण इंग्रजीतून शीट उचललं ते दोरीसाठी. एका अक्षराचा फरक, तोही वाऱ्यात ऐकू येत नाही. त्या दिवसापासून मी नवख्यांसमोर 'दोरी'च म्हणते. आपल्यातले जुने लोक नाक मुरडतील, मुरडोत. तिसऱ्या दिवशी दोरीचं नाव शिकवता येतं, पहिल्या दिवशी फक्त होडी चालली पाहिजे.

आता कोर्स. पहिले तीन दिवस एकमेकांनाच शिकवायचं, त्याबद्दल पुढे कधीतरी. चौथ्या दिवशी खरीखुरी नवखी मुलं आणली. माझ्या वाट्याला तीन ऑप्टिमिस्ट होड्या. क्लार्क मिल्सनं १९४७ साली फ्लोरिडात आखलेली ही २.३ मीटरची पेटी. एकेका मुलाला एकेक, आणि मी सेफ्टी बोटीत. त्यात हुबळीचा दहा वर्षांचा एक मुलगा. वाऱ्याला आडवा उभा, दोरी सोडलेली, शीड फडफडतंय आणि डोळ्यांत पाणी. खरं तर तो अगदी सुरक्षित होता. दोरी सोडली की होडी थांबते, ओढली की चालते. पण ते त्याला कोण सांगणार? "पुल द मेनशीट" म्हटलं, नाही. "रस्सी खींचो", नाही. शेवटी तोंडातून खडेबाजारातलं कन्नड निघालं: "हग्गा जग्गो!"

कन्नडमध्ये हग्ग म्हणजे दोरी. आमच्याकडच्या मराठी पोरांना हा शब्द शिकवताना पहिला तास हसण्यातच जातो. शेजारच्या बोटीतला मुंबईकर सहशिकाऊ इंजिन बंद करून हसत बसला. पण त्या पोरानं दोन्ही हातांनी दोरी ओढली, शीड ताठ झालं आणि होडी अशी सुटली की मलाच थ्रॉटल द्यावा लागला. मग "एडक्के", "बलक्के" करत त्यानं दोन बोयांभोवती आठचे आकडे काढले.

पाचव्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. पास झाले. शेरा एकच: तू मुलांच्या वाऱ्याखाली उभी राहून बोलतेस, आवाज त्यांच्यापर्यंत जात नाही, वाऱ्याच्या वर जाऊन बोल. म्हणून सध्या रोज संध्याकाळी गच्चीवर वारा येतो त्या कठड्याला उभी राहून सराव चाललाय. पोरं दुसऱ्या टोकाला. काल खालच्या काकूंनी वर डोकावून विचारलं, "कुणाला गं एवढी ओरडतेस?"