आमची वाटचाल: डांबर बदललं आणि धंदाही

आमचं काम एका ओळीत सांगायचं तर, ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीचं सस्पेन्शन आणि टायर यांचं एकमेकांशी जमवून देणं. मोठे रेसिंग संघ आमच्याकडे येत नाहीत, त्यांचे इंजिनिअर त्यांच्या पदरी असतात. येतात ते क्लब रेसिंगवाले आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःची गाडी ट्रॅकवर काढणारे हौशी लोक. सुरुवातीला आमच्याकडे एक अलाइनमेंट मशीन होतं आणि चार चाकांखाली ठेवायचे वजनकाटे. कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा उभा कल), टो (वरून पाहताना चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) आणि चाकांवरचं वजन जमवायचं, आकडे सेटअप शीटवर लिहून द्यायचे आणि पुढची गाडी आत घ्यायची. त्या शीटांची फाइल जसजशी जाड होत गेली तसतसं आमचं नावही होत गेलं.

मग आमचे बरेचसे ग्राहक ज्या ट्रॅकवर धावायचे, त्याचं जुनं डांबर खरवडून नवा थर टाकला गेला. सगळ्यांनाच आनंद झाला. पहिल्या आठवड्यांत परत आलेला एक ग्राहक म्हणाला, गाडी साबणावर ठेवल्यासारखी चालतेय. काही महिन्यांनी दुसरा आला, तो म्हणाला ग्रिप इतकी आहे की टायर टिकत नाहीत, पृष्ठभागावर फोड येतायत. ट्रॅक तोच, गाडीचं मॉडेल तेच, शीटही आमचीच. आणि दोघंही अगदी खरं सांगत होते.

टायर रस्त्याला दोन प्रकारे धरतो. खडीच्या प्रत्येक दाण्यावर डोळ्यांना न दिसणारा, पण बोटाला जाणवणारा खरखरीतपणा असतो. रबर त्याला चिकटतं. दाण्यांमधल्या मिलिमीटरभर खाचांत रबर दाबलं जाऊन परत फुगतं, त्यातूनही पकड मिळते, आणि पावसाचं पाणी निघून जायलाही त्याच खाचा लागतात. नव्या ट्रॅकवर खडीचा दाणान् दाणा डांबरात माखलेला असतो. म्हणजे पहिला खरखरीतपणा डांबराच्या पापुद्र्याखाली गाडलेला. त्यात डांबरातले तेलकट अंश काही काळ वर येत राहतात. गाड्या धावून, ऊन-पाऊस लागून तो पापुद्रा घासला गेला की मगच खरी खडी टायरला भेटते.

फॉर्म्युला वनच्या २०२० च्या तुर्की ग्रांप्री शर्यतीत हे जगानं पाहिलं. इस्तंबूल पार्क या ट्रॅकचा नवा थर शर्यतीच्या जेमतेम काही आठवडे आधी टाकलेला होता, नोव्हेंबरची थंडी होती, टायर पुरवणाऱ्या पिरेली कंपनीनं आणलेली टायर सर्वांत कठीण कंपाऊंडची, म्हणजे रबराच्या मिश्रणाची होती, वर पाऊस. जगातले सर्वोत्तम ड्रायव्हर सरळ रेषेत गाडी धरताना धडपडत होते.

पापुद्रा गेल्यावर मात्र गोष्ट उलटते. नवा थर घट्ट आणि सपाट असतो, रबराचा जास्त भाग जमिनीला टेकतो, काळा रंग ऊन पिऊन तापतो, आणि जास्त पकड म्हणजे टायरच्या आत जास्त उष्णता. २०१८ मध्ये बार्सिलोना, पॉल रिकार्ड आणि सिल्व्हरस्टोन या ट्रॅकांच्या नव्या डांबरासाठी पिरेलीनं ट्रेड (टायरचा रस्त्याला टेकणारा रबराचा थर) ०.४ मिमी पातळ केलेली टायर दिली होती. ग्राहकांना हे सांगितलं की ते हमखास विचारतात, पकड वाढली तर टायर जाड नको का? नको. पातळ ट्रेड कमी हलतो, म्हणून कमी तापतो. जुन्या, खडी उघड्या पडलेल्या ट्रॅकवर टायर घासून संपतो, नव्यावर तो आतून शिजतो. झिजलेला टायर हातात घेतला की तो कुठल्या ट्रॅकवरून आलाय हे आता आमची पोरं बघूनच सांगतात.

तिथून आमच्या कामाचा क्रमच बदलला. पहिली खरेदी झाली ती रबरात सुई टोचून आतलं तापमान मोजणाऱ्या पायरोमीटरची. आतली कड, मधला भाग, बाहेरची कड, असे तीन आकडे, गाडी पिटमध्ये आल्या आल्या. नव्या डांबरावर बाहेरची कडच जास्त तापलेली निघे. पकड वाढली की वळणावर गाडी जास्त कलते, आणि जुन्या शीटवरचा कॅम्बर त्या कलण्याला पुरत नाही. कॅम्बर वाढवला, वळणावर गाडीचं कलणं रोखणारे अँटी-रोल बार कडक केले. खड्डे गेल्यामुळे राइड हाइट (गाडीची जमिनीपासूनची उंची) खाली आणता आली, स्प्रिंग कडक चालल्या. मागच्या चाकांवर ताकद जाणाऱ्या गाड्यांची तक्रार वेगळीच होती. पूर्वी थ्रॉटल दिला की मागची चाकं किंचित सरकून गाडी वळायला मदत करायची. आता ती पक्की रोवून बसतात आणि नाक वळणाबाहेर पळतं. अशा गाड्यांचा पुढचा बार आम्ही उलट सैल केला.

सगळ्यात अनपेक्षित काम मात्र इंजिनातून आलं. लांब वळणावर बाजूचा जोर वाढला की साध्या गाडीच्या संपमधलं (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्यातलं) ऑइल एका बाजूला चढतं आणि पंप हवा ओढतो. ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकला म्हणून आलेल्या गाड्यांचा पंप चांगलाच असायचा. संपमध्ये आडवे पडदे बसवून देणं हे आज आमच्या उत्पन्नाचं एक मोठं अंग आहे. ट्रॅकचं डांबर बदलल्यामुळे हे काम मिळेल, असं कोणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो.

आता ट्रॅक चालवणाऱ्यांची परवानगी घेऊन आम्ही पृष्ठभागही मोजतो. ठरावीक मापाचे बारीक काचेचे मणी ओतायचे, चकतीनं गोल पसरवायचे आणि वर्तुळाचा व्यास मोजायचा. मण्यांचं घनफळ भागिले वर्तुळाचं क्षेत्रफळ म्हणजे खाचांची सरासरी खोली. वर्तुळ मोठं, तर पृष्ठभाग गुळगुळीत. पावसात पाणी कितपत साचेल याचा मात्र यातून अर्धाच अंदाज येतो. बाकी अर्धा उतारावर असतो. २०१८ मध्ये सिल्व्हरस्टोनची मोटोजीपी (मोटरसायकलींची) शर्यत नव्या थरावरचं पाणी निचरत नसल्यानं रद्द करावी लागली आणि २०१९ मध्ये ट्रॅक पुन्हा करावा लागला.

हल्ली सर्वात डोकं खातं ते अर्धवट काम. ब्रेकिंगच्या जागा तेवढ्या नव्या आणि वळणाचा शेवट जुना. आत शिरताना गाडी हवी तशी वळते आणि सांधा ओलांडला की अचानक मागून सुटते. अशा ट्रॅकला आम्ही सेटअप जुन्या तुकड्यासाठीच करतो. नव्यावर थोडा वेळ गेला तर लॅप टाइम बिघडतो, जुन्यावर मागची बाजू सुटली तर गाडी. काही ग्राहकांना हे पटत नाही, लॅप टाइमच हवा असतो. त्यांना आम्ही दोन्ही शीटा देतो आणि कुठली कशासाठी हे वर मोठ्या अक्षरांत लिहितो. प्रत्येक शीटवर थराचं वय आणि ट्रॅकचं तापमान असतं, आणि पृष्ठभाग पहिल्या वर्षातला असेल तर पुन्हा सेटिंग करून देण्याचे पैसे आम्ही वेगळे लावत नाही.