साठ सेकंदांचा बाण

माझ्या टेबलावर एक चार्टपेपर चिकटपट्टीने लावलेला आहे. उभ्या रकान्यांत माणसं, आडव्या ओळींत मिनिटं. प्रत्येक घरात एकच गोष्ट लिहायची: त्या मिनिटाला त्या माणसाला काय ठाऊक होतं. आज आपल्याला काय ठाऊक आहे ते नाही, त्याला, तेव्हा.

हे माझं कामच आहे. नियंत्रण कक्षांसाठी सगळ्यांना एकच नकाशा दिसेल असं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या चमूत मी आहे. सराव झाला की रेकॉर्डिंग ऐकायचं आणि कागद भरायचा. पण या वेळचा कागद सरावाचा नाही. १४ एप्रिल १९९४चा आहे, उत्तर इराकचा.

त्या सकाळी अमेरिकेच्या दोन एफ-१५ लढाऊ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली. २६ माणसं गेली: अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच, तुर्की आणि कुर्द. हवा स्वच्छ होती, दिवस उजाडलेला होता. वर अवॅक्स विमान फिरत होतं, त्यात १९ जण. सगळं आकाश एका पडद्यावर आणायचं, हेच त्या विमानाचं काम.

मी आधी एफ-१५च्या म्होरक्याचा रकाना भरला. नियम असा, की उड्डाणबंदीच्या हद्दीत लढाऊ विमानांनी परिसर तपासल्याशिवाय आपलं कोणीही जायचं नाही. उड्डाणांच्या रोजच्या आदेशात हेलिकॉप्टरांच्या वेळा नव्हत्या. म्हणजे १०:२०ला तो हद्दीत शिरला तेव्हा त्याच्या डोक्यातलं आकाश रिकामं होतं. हेलिकॉप्टरं मात्र तासभर आधीच आत आली होती. त्यांना या नियमातून सूट असल्याचं भूदलात सगळे धरून चालले होते. वैमानिकापर्यंत ते पोचलंच नव्हतं.

मग हेलिकॉप्टरांचा रकाना. ओळख सांगणारा कोड हद्दीबाहेर ४२ आणि आत ५२ ठेवायचा होता. त्यांनी ४२च ठेवला, कारण बदलायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. रेडिओही बाहेरच्याच वारंवारितेवर. एफ-१५चं एकही वाक्य त्यांच्या कानावर पडलं नसणार. एफ-१५ने ५२ विचारला, उत्तर आलं नाही. दुसऱ्या, गुप्त पद्धतीच्या ओळखीला क्षणभर होकार आला आणि विरला.

मी जास्तीत जास्त वेळ घालवला तो अवॅक्सच्या रकान्यांवर. ९:५४ला हेलिकॉप्टरांनी हद्दीतल्या झाखो शहराहून निघत असल्याचं त्यांना कळवलं होतं. म्हणजे माहिती विमानात होती! पण बाहेरच्या वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्याचा पडदा बंद पडला होता, म्हणून तो दुसऱ्या खुर्चीवर बसलेला. एरवी ज्याच्या शेजारी बसायचा, त्या आतल्या हद्दीच्या नियंत्रकापासून दूर. हेलिकॉप्टरं डोंगरांच्या घळीत शिरली आणि पडद्यावरून नाहीशी झाली. एका अधिकाऱ्याने वरिष्ठाच्या पडद्यावर त्या जागी लक्ष वेधणारा बाण टाकला. कुणी पोच दिली नाही. साठ सेकंदांनी बाण आपोआप पुसला गेला.

या घराशी मी बराच वेळ थांबले. पाठवणाऱ्याच्या रकान्यात "सांगितलं" आहे, घेणाऱ्याच्या रकान्यात काहीच नाही. तंत्रज्ञानाने निरोप नेला आणि कुणाला न सांगता फेकूनही दिला.

१०:२२ला म्होरक्याने रडारवर काही दिसत असल्याचं कळवलं. अवॅक्सचं उत्तर: तिथे काही नाही. १०:२५ला पुन्हा विचारल्यावर: हो, तिथे काही दिसतंय. ते आपलं असू शकतं, हे कुणीच म्हणालं नाही. जवळून एक फेरी मारून म्होरक्याने ती रशियन बनावटीची, म्हणजे इराकची, हाइंड हेलिकॉप्टरं ठरवली. पंखांवर बाहेरच्या इंधनटाक्या लावलेला ब्लॅक हॉक वरून तसा भासू शकतो. दुसऱ्या एफ-१५मधल्या जोडीदाराला विचारलं, तो म्हणाला, "टॅली टू." त्याच्या मते अर्थ: दोन हेलिकॉप्टरं दिसली. म्होरक्याच्या मते अर्थ: ओळख पटली. १०:३०च्या सुमारास दोघांनी एकेक क्षेपणास्त्र सोडलं. पुढे अवॅक्सवरच्या एका अधिकाऱ्यावर लष्करी खटला चालला, तोही निर्दोष सुटला. माझ्या कागदात मला एक दोषी रकाना सापडत नाही. सापडतात त्या दोन रकान्यांमधल्या रेघा.

"टॅली टू" वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण तसाच शब्द मी स्वतः ऐकला आहे. एका नदीकाठच्या गावात पुराचा सराव होता. नकाशावर तीन नंबरची बोट पुलाशी. कक्षातल्या मॅडमनी ग्रुपवर विचारलं, "बोट ३ पुलाशी?" उत्तर आलं, "हो." उत्तर देणाऱ्याला म्हणायचं होतं, पोचली होती. तोवर कुणीतरी फोनवरून तिला पलीकडच्या वस्तीकडे धाडलं होतं. पुलावर अडकलेली माणसं, सरावातलीच, चौदा मिनिटं थांबली. भिंतीवरचा मोठा नकाशा सगळेच पाहत होते.

मी नाशिकची. २७ फेब्रुवारी २०१९ला काश्मीरमधल्या बडगामला आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत नाशिकचा एक स्क्वाड्रन लीडर होता. ही मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुखांनी त्याच ऑक्टोबरमध्ये सांगितलं. त्याच्या अंत्ययात्रेच्या दिवशी नाशिकमध्ये लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे होते. आई अजून त्या अंत्ययात्रेबद्दल बोलते. हा कागद मी तिच्यासाठी भरलेला नाही, पण भरताना ती डोक्यात होती.

गेल्या महिन्यात आमच्या नकाशात दोन बदल झाले. प्रत्येक खुणेशेजारी शेवटची बातमी किती मिनिटांपूर्वीची ते दिसतं. दहा मिनिटं उलटली की खूण पोकळ होते. आणि लक्ष वेधणारी खूण पुसण्याचं घड्याळ आम्ही काढून टाकलं. समोरच्याने बोट ठेवेपर्यंत ती तिथेच राहते. पडद्यावर गर्दी होते, अशी तक्रार पहिल्याच आठवड्यात आली. मी ती बैठकीत वाचून दाखवली, आणि मग टेबलावरचा कागद सोडवून भिंतीवर लावला.